सूचना, असल्यास

तेफचा दाणा खसखशीएवढा.
तळहाताच्या रेषेत अडकला
तर नशिबातून शोधून काढावा लागतो,
असं वुबालेम म्हणाली, आणि हसली नाही.

मी तिच्याकडे पेरणीयंत्र घेऊन गेलो होतो.
हामले महिना, गोज्जामची काळी माती,
माती कसली, पाय धरून बसलेलं हट्टी पोर.
बहिर दारच्या कार्यशाळेत
कोरड्या वाळूच्या पेटीवर
सत्तर वेळा चालवलं होतं आम्ही ते.
आलेख सरळ आला होता.
रंग हिरवा, कारण प्रमुखांना हिरवा आवडतो.

बाराव्या पावलावर चाकं चाकं राहिली नाहीत,
चिखलाचे दोन रांजण झाले.
बांधावर तिचा दीर ताफेरे
उगाच खोकू लागला.
बूरे बैलानं मान वळवून पाहिलं,
त्याच्या दृष्टीनं यात नवं काही नव्हतं.

मी अर्ज काढला.
यंत्र वापरण्यास सोपे वाटले का?
सोपे की अतिशय सोपे?
आणि तळाशी, सूचना, असल्यास:
पुढे एक ओळ, वीतभर.
वुबालेमनं त्या ओळीवर बोट फिरवलं.
"ही कुणाच्या मापानं आखली?"

मग म्हणाली, आज रात्री हे इथंच राहू दे.

सकाळी पाहतो तर
चाकं खुराड्याला टेकवलेली,
त्यातल्या एकावर कोंबडी बसलेली.
मी ओरडलो. सरकारी मालमत्ता वगैरे म्हणालो,
आवाज माझा होता, शब्द प्रमुखांचे.
तिनं कॉफीचा पहिला पेला पुढे केला
आणि दुसरा होईपर्यंत काही बोलली नाही.

"तेफसाठी आम्ही रान भुसभुशीत करत नाही.
मेंढ्या सोडतो, गुरं सोडतो,
तुडवून तुडवून घट्ट करतो.
खोल गेला तो दाणा गेलाच.
तुझं यंत्र दाणा पुरतं.
आम्ही तो ठेवतो."

पाच वर्षं शिकलो मी.
पुरणं आणि ठेवणं यांतलं अंतर
मिलिमीटरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

चाकांच्या जागी तिनं वांझाच्या लाकडाची फळी बसवली होती,
पुढून उचललेली, ताना सरोवरातल्या नावेसारखी.
नऊ छिद्रांपैकी पाच मेणानं बुजवलेली.
मूठ चार बोटं कापलेली.
"तुझे प्रमुख उंच असतील. मी नाही."
यंत्र चिखलावरून घसरत गेलं,
काही न बोलता, जसं एखादं काम होतं.

फक्त बाभळीपाशी रांग वाकडी झाली,
बूरे तिथं पाठ खाजवायला थांबतो म्हणून.
आणि तिसऱ्या दिवशी ढग फाटले, पत्रा तापला,
मेण सुटलं, मूठभर बी एका जागी सांडलं.

ती वाकून बराच वेळ बघत राहिली.
"हं. हे माझं चुकलं. लिही."
मी थबकलो. अर्जात तशी जागाच नव्हती.
"लिही की. वर तुझी चाकं लिही,
खाली माझं मेण."

मस्करममध्ये गेलो तेव्हा
त्या सांडलेल्या जागी
हिरव्या केसांची एक दाट बट उभी होती,
बाकी शेत मात्र विंचरल्यासारखं,
बाभळीपाशी भांग चुकलेला.
ताफेरे प्रत्येक येणाऱ्याला ती बट आधी दाखवायचा.

पुढच्या हामलेत दुसरं यंत्र नेलं.
रंग दिला नव्हता. छिद्रं चार,
मूठ खालीवर होणारी.
वुबालेमनं ते जमिनीवर ठेवू दिलं नाही,
आधी एका हातानं उचलून पाहिलं,
मग दुसऱ्या.
"जड आहे."

मी घाईघाईनं पेन काढलं.
"ते नंतर," ती म्हणाली,
"आधी ते टोक धर."